बाबांच्या फोटोखालचे जोडलेले हात

कण्हेर (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. बाबा जाऊन अकरा महिने झाले, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. त्याआधी हे एकदा मनातून बाहेर पडावं म्हणून धागा काढते आहे.

बाबा रोज पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्या मारून, कोपिनेश्वराला हात जोडून, येताना दूध घेऊन घरी यायचे. गेले तेही पहाटेच, झोपेत. सकाळी साडेनऊला मी त्यांचा फोटो फेसबुकवर टाकला. पाडव्याच्या स्वागतयात्रेतला, फेटा बांधलेला. खाली चार ओळी. दुपारी जवाहरबाग स्मशानभूमीत न्यायचं होतं आणि एकेकाला फोन लावण्याचं बळ कोणातच नव्हतं. कळवायला तर हवंच होतं. इथपर्यंत मला आजही त्यात काही वावगं वाटत नाही.

पुढचं मात्र सलतं.

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे दिवा लावून ठेवतात. दक्षिणेकडे वात करून. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, म्हणून रात्री आळीपाळीने जागायचं. तिसऱ्या रात्री माझी पाळी होती. घर निजलेलं, कोपऱ्यात पिठल्या-भाताची शेजाऱ्यांची पातेली घासून पालथी घातलेली. मी दिव्याजवळ भिंतीला टेकून बसले आणि फोन हातात घेतला. तोवर फोटोखाली एकशे ऐंशीच्या वर जोडलेले हात आले होते. प्रत्येकाखाली 'आभारी आहे' लिहीत गेले. लिहिता लिहिता कधी माझ्या ध्यानातही आलं नाही, पण मी यादी वर-खाली करून बघायला लागले की अजून कोण आलं नाही. माझ्या शाळेतली एक मैत्रीण नव्हती. जुन्या ऑफिसातले दोघं नव्हते. आणि माझा आतेभाऊ नव्हता. त्याचं नाव कुठेच दिसेना. मला राग आला. घशाशी आला. बाबांनी त्याच्या शिक्षणासाठी काय काय केलं होतं ते सगळं आठवलं आणि 'साधे दोन शब्द लिहायला जमू नयेत?' असं मनात म्हणाले.

तेवढ्यात आई उठून आली. काही बोलली नाही. खाली बसली, बरणीतून दिव्यात तेल ओतलं. वात काजळून पार आत गेली होती, ज्योत मुगाएवढी उरली होती. तिने काडीने वात पुढे सारली, काजळी चिमटीत धरून काढली, बोटं पदराला पुसली आणि परत जाऊन पडली.

दिवा माझ्यापासून दोन हातांवर होता. मला तो दिसला नव्हता.

आणि तो आतेभाऊ? डॉक्टरांना आणणं, दाखला मिळवणं, जवाहरबागेतली सगळी व्यवस्था, दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या भावाबरोबर अस्थी सावडायला जाणं, सगळं त्याने केलं. फोटोखाली त्याने काही लिहिलं नाही, कारण तो इथे घरात होता.

सुतक कशाला पाळतात याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. मला वाटतं, माणसाला काही दिवस जगातून बाजूला घेऊन बसवण्याची ती सोय असावी. देवपूजा नाही, सण नाही, कुठे जाणं नाही. दुःखाला जागा करून द्यायची. मी ते तेरा दिवस अक्षरशः पाळले. देवाला शिवले नाही, कोणाकडे गेले नाही. पण सगळं जग मांडीवर घेऊन बसले होते. बाबांसाठी रडायचं राहून गेलं. ते रडू चार महिन्यांनी आलं, दूधवाल्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यात.

त्यानंतर मी आईच्या सांगण्यावरून जप करायला घेतला. तिच्याकडे तुळशीची जुनी माळ आहे, मणी झिजून गुळगुळीत झालेले, जोडाशी एक मोठा मेरुमणी. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. दहा-बारा मणी गेले की माझा अंगठा आपोआप भरभर चालायला लागे. नाम मागे, मणी पुढे. हा वेग मी माळेवर शिकले नव्हते, हे त्या अंगठ्यालाच माहीत होतं. आईने एक-दोनदा पाहिलं. म्हणाली, "मेरूपाशी आलीस की थांब. तो ओलांडायचा नसतो. डोळ्यांना लाव आणि माळ उलटी फिरव." मी विचारलं, ओलांडला तर काय होतं? ती म्हणाली, "काही होत नाही गं. थांबायचं राहून जातं."

मला तेव्हापासून ते एकच डोक्यात आहे. रात्री मी ज्याच्यावर अंगठा फिरवते त्याला मेरुमणीच नाही.

वेळ किती वाया जातो याबद्दल इथे पूर्वी पुष्कळ चर्चा झाली आहे, ती पुन्हा नको. मला तुमच्याकडून हे ऐकायचं आहे: तुमच्या मनाचं, श्रद्धेचं, दुःखाचं, आनंदाचं या सगळ्यात काय झालं? चांगलं झालं असेल तर तेही सांगा.

अबोली

कण्हेर, दिव्याचं वाचून पुढे वाचवेना. बाबांना नमस्कार. वाचते आहे.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

ताई, तुमच्या आईंनी जे सांगितलं ते मी पंधरा वर्षं ज्या क्षेत्रात काम करतो तिथे ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्वी संकेतस्थळावर पानाच्या तळाशी १, २, ३, 'पुढील पान' असं असायचं. दहा गोष्टी वाचून झाल्या की तळ यायचा. पुढे जायचं तर बटण दाबावं लागायचं, म्हणजे क्षणभर का होईना ठरवावं लागायचं. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने तळच काढून टाकला. खाली जाल तसं नवीन आपोआप येत राहील अशी रचना. हेतू वापरणाऱ्याची सोय हाच होता. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तुमचा मेरुमणी तिथे निखळला.

दुसरी गोष्ट, काहीतरी नवीन आलंय हे सांगणाऱ्या लाल ठिपक्याची. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल तर कबूतर भूक लागेल तेव्हाच दाबतं. पण कधी मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल सांगता येत नाही, असं केलं की ते दाबतच राहतं. तुम्ही त्या रात्री यादी वर-खाली करत होतात तेव्हा हेच चालू होतं. दर वेळी नवा हात जोडलेला दिसत नसणार. कधी दिसत असेल, कधी नसेल. म्हणूनच बोट थांबत नाही. स्वतःला फार दोष देऊ नका.

मी हे तटस्थपणे सांगू शकत नाही, कारण एका कंपनीत तीन वर्षं माझं काम हेच होतं. कोणत्या माणसाला कोणत्या वेळी सूचना पाठवली तर तो ॲप उघडतो ते शोधायचं. रात्री साडेदहा ते साडेअकरा ही वेळ आम्हाला आवडायची. माणूस थकलेला असतो, एकटा असतो. आम्ही कागदावर 'एकटा' असं लिहीत नव्हतो, पण आकडे तेच सांगायचे. ठाणे-वाशी गाडीत आजूबाजूचे लोक खिशातून फोन काढताना दिसले की मला कसंतरी व्हायचं. ते काम मी सोडलं.

आणि भावनांवर परिणाम होतो का, हा प्रश्न फेसबुकने स्वतःच तपासून पाहिला होता. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ जणांच्या पानावर काय दिसावं यात फेरफार केला. काहींना आनंदी मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखी मजकूर कमी. मग ते लोक स्वतः काय लिहितात ते मोजलं. ज्यांना आनंदी मजकूर कमी दिसला त्यांच्या लिहिण्यात आनंदी शब्द किंचित कमी झाले. परिणाम अगदी बारीक होता, पण होता. २०१४ मध्ये निबंध छापून आला तेव्हा गदारोळ झाला, कारण त्या लोकांना विचारलंच नव्हतं. परिणाम किती छोटा की मोठा यावर वाद घालता येईल. मला खुपतं ते न विचारणं.

निर्झर (कळवा)

मी थोडी वेगळी बाजू मांडते. रागावू नका कोणी.

माझ्या सासूबाईंना सहा वर्षं स्मृतिभ्रंश आहे. रात्री त्या उठतात, दार उघडायला बघतात, मला 'बाई, तुम्ही कोण' विचारतात. दिवसभर नोकरी, रात्री हे. पहिल्या दोन वर्षांत माझ्या माहेरच्यांनीसुद्धा फोन कमी केले. त्यांना तरी काय बोलायचं सुचणार?

मग एका गटात आले. सगळ्या माझ्यासारख्याच, घरात असा आजार असलेल्या. एका रात्री दोन वाजता सासूबाईंनी अंथरुणात केलं, मी सगळं बदललं, त्यांना निजवलं आणि मोरीत बसून गटावर एवढंच लिहिलं: 'आज मला त्यांचा राग आला. हात उगारला गेला. लागला नाही.' हे मी नवऱ्याला सांगू शकले नसते. देवालाही सांगवलं नसतं. चार मिनिटांत सोलापूरच्या एका बाईंचं उत्तर आलं: 'मी पण जागी आहे. पाणी प्या. मग सांगा.' त्या बाईंना मी आजवर भेटलेले नाही. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत जाग्या होतो. त्यांच्या वडिलांचं तेच चाललं होतं.

कण्हेर, तुमच्या मैत्रिणीने हात जोडले नाहीत याचा तुम्हाला राग आला. मला त्या रात्री दोन जोडलेले हात मिळाले आणि मी तगले. सत्संग म्हणजे काय असतो मला माहीत नाही, पण ज्या संगतीत आपलं खरं बोलता येतं तो सत्संग असेल तर माझा फोनमध्ये आहे.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

निर्झर, रागावण्यासारखं काहीच नाही. उलट एक विचारतो. तुमच्या त्या गटात किती जणी आहेत? आणि तिथे कोणी कोणाला मोजतं का?

निर्झर (कळवा)

एकेचाळीस. कोणी मोजत नाही. कोणी आठवडाभर दिसली नाही तर फोन करून विचारतात. हो, यात फरक आहे, तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

केतकी_खारघर

मी इथे बहुतेक सगळ्यांत लहान असेन. एकोणीस वर्षांची आहे. आई हा धागा वाचत होती, तिने मला दाखवला. काकू, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं.

माझं सांगते. दहावीनंतरच्या सुट्टीत मी रोज फोटो टाकायचे. आधी फिल्टर लावून. नाक थोडं बारीक होतं, त्वचा गुळगुळीत होते, डोळे मोठे. दीड वर्ष तोच चेहरा बघून बघून मला तोच माझा वाटायला लागला. मग एकदा बाथरूमच्या आरशात, ट्यूबलाइटखाली, स्वतःला बघितलं आणि मला वाटलं, मी आजारी आहे का? काहीच झालं नव्हतं. तो माझा चेहरा होता. आजीसारखं नाक आहे माझं. लहानपणी सगळे कौतुकाने म्हणायचे. आणि मला ते नाक चुकीचं वाटत होतं.

कोणाला सांगितलं नाही. जेवण कमी केलं. कॉलेजात पुढच्या बाकावर बसणं सोडलं, कारण मागून मुलं बाजूने चेहरा बघतील असं वाटायचं.

नंतर वाचलं की २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन नावाच्या बाईंनी फेसबुक कंपनीतली (इन्स्टाग्राम त्यांचंच) आतली कागदपत्रं बाहेर आणली. त्यात त्यांचंच संशोधन होतं, की शरीराबद्दल आधीच न्यूनगंड असलेल्या दर तीन मुलींपैकी एकीला इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं. मला ते वाचून पहिल्यांदा राग आला आणि मग खूप हलकं वाटलं. म्हणजे हे फक्त माझ्या डोक्यात नव्हतं.

फोटो टाकणं मी बंद केलेलं नाही. मित्रमैत्रिणी तिथेच आहेत, सगळं ठरतं तिथेच. पण फिल्टर बंद, आणि आकडा दिसत नाही असं करून ठेवलंय, ती सोय २०२१ पासून आहे. अजूनही फोटो टाकल्यावर पहिला अर्धा तास पोटात काहीतरी होतं. ते गेलेलं नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "माझंही होतं गं, हळदीकुंकवाला नवीन लुगडं नेसून गेलं की."

वाटसरू (नेरूळ)

केतकी बाळ, तुझ्या आजींनी फार नेमकं सांगितलं. माणसाने वळून बघावं, दोन शब्द चांगले बोलावेत, ही भूक जुनीच आहे. षड्रिपूंची यादी करणाऱ्यांनी मद आणि मत्सर शेजारीशेजारी ठेवले ते उगीच नाही. फरक मला एवढाच दिसतो की हळदीकुंकू संध्याकाळी आठला संपायचं. बायका घरी जायच्या, लुगडं घडी घालून ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याची आठवण काढत नसे. कण्हेरताईंच्या मातोश्रींचा मेरुमणी तिथेही होता.

माझं गाव कडेगाव तालुक्यात. शेजारच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. लॉकडाउनमध्ये मुलांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले ते सुटेनात, तिथून त्याची सुरुवात. पेपरात बरंच छापून आलं होतं.

ते वाचून आम्ही आमच्या सोसायटीत तसं करून पाहिलं. रात्री आठ ते नऊ. तीनशे घरं, भोंगा लावायचा तर ध्वनिप्रदूषणाची तक्रार येईल म्हणून वॉचमनने घंटा वाजवायची. सव्वा महिना टिकलं. कोणाची शिफ्ट, कोणाचा अमेरिकेचा कॉल, कोणाचा क्लास. गावात सातला सगळे घरी असतात, इथे आठला अर्धी सोसायटी पामबीच रोडवर असते. मला याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्यातून चार घरं अशी उरली की ती अजूनही आठला खाली येतात. गेटजवळच्या बाकावर हरिपाठ म्हणतो. येणाऱ्यांत एक आजोबा आहेत, त्यांना ऐकू येत नाही. ते नुसते ओठांकडे बघून टाळी धरतात.

पारसिक (सीबीडी बेलापूर)

मी विपश्यनेचं सांगतो, कारण मला याचं उत्तर तिथे मिळेल असं वाटलं होतं.

आमच्या घराजवळ पारसिक टेकडीवर केंद्र आहे. इगतपुरीला धम्मगिरी सगळ्यांना माहीत असतं, हे मात्र जवळच्या लोकांनाही ठाऊक नसतं. दहा दिवसांचं शिबिर. पहिल्याच दिवशी फोन पिशवीत घालून जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी श्वास येतो-जातो तो बघायचा, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी खोलीत पडलो होतो. उजवा हात छातीवर. अंगठा हलत होता. वर, वर, वर. मी सांगतो तेव्हा लोकांना अतिशयोक्ती वाटते. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. माझ्या बायकोचा, मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर नीट आठवेना, आणि तीन महिन्यांपूर्वी पाहिलेला कुठल्यातरी अनोळखी माणसाचा नाचाचा व्हिडिओ जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी मी घाबरलो. चित्तावर संस्कार होतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. काय साठवायचं ते आपण ठरवतो असं मला वाटत आलं होतं. तसं नव्हतं.

सहाव्या-सातव्या दिवसापासून मन निवलं. एका संध्याकाळी टेकडीवरून खाडीकडे बघत उभा होतो. भरती होती. किती वेळ उभा होतो माहीत नाही. मनात कोणालाही ते सांगायची इच्छा नव्हती. ते 'कोणालाही सांगायची इच्छा नसणं' मला त्या दहा दिवसांत मिळालेलं सगळ्यात मोठं धन वाटतं.

अष्टांगयोगात पाचवं अंग प्रत्याहार. इंद्रियांना विषयांकडून मागे घेणं. यम, नियम, आसन, प्राणायाम झाल्यावर आणि धारणा-ध्यानाच्या आधी ते ठेवलंय. आम्ही मधली पायरी गाळून ध्यानाची ॲप घेतो, आणि त्याच फोनवर ध्यान संपल्याची घंटा वाजते, त्याच्याच खाली कोणाचातरी निरोप आलेला असतो.

घरी आलो त्या रात्री मी लिहिलं: 'दहा दिवस मौन. आयुष्य बदलून टाकणारा अनुभव.' टेकडीचा फोटो जोडला. रात्री तीनदा उठून बघितलं किती जणांनी पाहिलं. ती भरती मी विकून टाकली असं मला वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते काढून टाकलं. आज पहिल्यांदा त्याबद्दल पुन्हा लिहितो आहे. इथे लिहिण्यात आणि तिथे लिहिण्यात फरक आहे का, याचा विचार लिहायच्या आधी दोन दिवस केला. मला वाटतं आहे. कण्हेर यांनी काहीतरी विचारलं आणि मी त्यांना उत्तर देतो आहे.

सुजाण

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. नाव देत नाही. सगळे इतकं मनापासून लिहीत आहेत म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

फोन सुटत नाही याला आपण लगेच मनाचा दुबळेपणा म्हणतो, किंवा साधनेत कमी पडलो म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात ज्यांना आधी उदासी आली आणि मग फोन आला. झोप लागत नाही म्हणून फोन, फोनमुळे झोप नाही. कोणत्या टोकापासून सोडवायचं ते माणूस बघून ठरवावं लागतं. अशा माणसाला 'जप कर, मन रमेल' सांगितलं आणि मन रमलं नाही, तर तो देवापुढेही अपराधी होऊन बसतो. तसं कोणी होऊन बसलेलं मला बघवत नाही.

केतकी, तू जेवण कमी केलंस असं लिहिलंस. आता व्यवस्थित जेवतेस ना? नसशील तर आईला सांग आणि कोणालातरी दाखव. हे मी काळजीने विचारते आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून फोन आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. एवढ्या लांब जायची गरज नसते. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस हा फोन क्रमांक आहे, १४४१६. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. पूर्वी 'ठाण्याला पोचवा' म्हटलं की लोक हसायचे, १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे म्हणून. त्या हसण्यापायी किती जण वेळेवर आले नाहीत, त्याचा हिशेब कोणीच केला नाही.

कण्हेर, चार महिन्यांनी दूधवाल्याच्या दुकानासमोर रडू आलं म्हणालात. ते उशिरा आलं असं मला वाटत नाही. बाबा रोज जिथे थांबायचे तिथेच ते आलं.

केतकी_खारघर

सुजाण मावशी, आता जेवते. आईला माहीत आहे सगळं. थँक्यू.

कण्हेर (नौपाडा, ठाणे)

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा, काही आईला मोठ्याने वाचून दाखवलं. निर्झर, तुमच्या सोलापूरच्या बाईंबद्दल ऐकून आईने हात जोडले. खरे.

एक राहिलं होतं. मागच्या महिन्यात बाबांचा वाढदिवस झाला. त्यांचं खातं तसंच चालू आहे. माझ्या फोटोवर ज्यांनी हात जोडले ते माझ्या ओळखीचे होते. बाबांच्या खात्यात त्यांच्या नोकरीतले, निवृत्तीनंतर पांगलेले, नाशिक-धुळ्याकडचे लोक होते, त्यांच्यापर्यंत बातमी गेलीच नव्हती. त्या दिवशी सकाळी उघडून बघितलं तर अठ्ठावीस शुभेच्छा. 'जीवेत शरदः शतम्.' 'शतायुषी व्हा साहेब.' एकाने लिहिलं होतं, 'बरेच दिवसांत फोन नाही, तब्येत जपा.' मी तासभर नुसती बसून होते. मग त्या माणसाचा नंबर बाबांच्या डायरीत सापडला आणि फोन केला. ते धुळ्याचे. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यांनी मला बाबांच्या १९८४ सालच्या बदलीची एक गोष्ट सांगितली, जी मला, भावाला, आईलाही माहीत नव्हती. पुढच्या रविवारी मी आणखी सहा जणांना फोन केले. अजून पंधरा-सोळा राहिलेत. रोज एक करते. एकच.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

ताई, ते खातं स्मृतिखातं करून घेता येतं. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. मग नावापुढे तशी नोंद दिसते आणि वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही. मदत लागली तर निरोप करा, मी करून देईन.

कण्हेर (नौपाडा, ठाणे)

आभारी आहे. फोन संपले की करू या. आत्ताच आठवण बंद झाली तर उरलेल्यांना कळायचं राहून जाईल.

बाबांचा फोन मी बंद केलेला नाही, रोज चार्ज करते. त्यात त्यांनी आईला पाठवलेला आवाजी निरोप आहे. अकरा सेकंदांचा. मागे तलावपाळीवरचा गोंगाट, कोणीतरी हॉर्न वाजवतंय, आणि बाबा विचारताहेत, "अगं, दूध अर्धा लिटर की एक? आणि कोथिंबीर आहे का घरात?" आई संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, माळ ओढते, मेरू डोळ्यांना लावते, आणि मग मला म्हणते, "लाव जरा." मी लावते. एकदाच ऐकते. संपलं की फोन माझ्या हातात देते आणि भाजी निवडायला बसते.